बोलताना थांबणारी पावले

गेल्या फाल्गुनातील गोष्ट. सांगलीत हळदीचे सौदे ऐन भरात होते. आमचे थोरले बंधू अण्णा, वय वर्षे ७६, नित्याप्रमाणे सकाळी दर्शन आटोपून मंदिराच्या पायऱ्या उतरत होते. मागून एका परिचित व्यापाऱ्याने घाईघाईने विचारले, “अण्णा, काल राजापुरी काय भावाने सुटली?” अण्णांनी उत्तर देण्यासाठी मान वळवली. शेवटची एकच पायरी राहिली होती. ती उतरली असे त्यांना वाटले. पाय अधांतरी पडला आणि ते डाव्या कुशीवर कोसळले. खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे दोन महिने अंथरुण, वॉकर आणि दुसऱ्याचा आधार यांत गेले. साठ वर्षांत अण्णांविना एकही हंगाम न पाहिलेले आमचे अडत दुकान त्या वर्षी पुतण्याने एकट्याने सांभाळले.

घरात सर्वांना एकाच गोष्टीचे नवल वाटत होते. अण्णांची दृष्टी ठीक, पायात बळ, स्मरणशक्ती तर अशी की तीस वर्षांपूर्वीची एखाद्याची बाकी ते खतावणी न उघडता सांगतील. वर्तमानपत्रातील सुडोकू सकाळचा चहा संपण्याच्या आत सुटलेले असते. क्विंटलचा भाव आणि पोत्याचे वजन सांगितले, की पुतण्याच्या कॅल्क्युलेटरच्या आधी त्यांचा आकडा तयार असतो. ज्यांचे डोके इतके चालते, त्यांचा पाय कसा चुकला?

उत्तर मिळाले ते रुग्णालयातील तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीच्या एका प्रश्नातून. तिने वहिनींना विचारले, “आजोबा चालताना कोणी बोलले, तर ते चालत चालत उत्तर देत होते, की थांबून?” वहिनी क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, “थांबून. दोन-तीन वर्षांपासून तसेच आहे. आम्हाला वाटले, वयाप्रमाणे शांतपणे बोलण्याची सवय लागली.”

मी मनातून चपापलो. संध्याकाळी कृष्णाकाठी आम्ही दोघे भाऊ कितीतरी वेळा फिरलो आहोत. मी काही विचारले की अण्णा थांबत, माझ्याकडे वळत, सविस्तर उत्तर देत आणि मग पुढचे पाऊल टाकत. मी त्याला त्यांचा भारदस्तपणा समजत होतो. ती एक पूर्वसूचना होती आणि ती माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षे घडत होती, हे मला त्या दिवशी कळले. बँकेच्या नोकरीत कर्जखाते थकण्याआधीच्या खुणा ओळखण्यात माझी हयात गेली. घरातील ही खूण मात्र मला वाचता आली नाही. वाचकांपैकी कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून त्यानंतर जे वाचले व पाहिले ते येथे मांडत आहे.

स्वीडनमधील एक साधे निरीक्षण

स्वीडनच्या उमिओ येथील संशोधकांनी १९९७ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अत्यंत छोटा लेख प्रसिद्ध केला. वृद्धांच्या निवासातील ५८ जणांना चालवत नेताना त्यांच्याशी सहज संभाषण सुरू करायचे आणि कोण थांबते ते पाहायचे, एवढाच तो प्रयोग. १२ जण थांबले. पुढील सहा महिने सर्वांवर लक्ष ठेवले गेले. थांबलेल्या १२ पैकी १० जण त्या काळात पडले. कोणतेही यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. तरीही या निरीक्षणाने वृद्धांच्या पडण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तोवर हाडे, स्नायू, डोळे आणि घरातील फरशी यांचाच विचार प्रामुख्याने होत असे. आता त्यात मेंदूतील अवधानाची भर पडली.

प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि त्यांत साठीच्या पुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. जे वाचतात, त्यांतील अनेकांच्या मनात पुन्हा पडण्याची भीती घर करते. भीतीमुळे चालणे कमी होते, चालणे कमी झाल्याने पाय आणि तोल दुबळे होतात आणि त्यामुळे पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. चक्रवाढ व्याज उलट्या दिशेने लागावे, तसा हा प्रकार आहे.

चालण्यात डोक्याचे काम कोणते?

चालणे आपोआप होते असे आपण धरून चालतो. तरुणपणी ते बव्हंशी खरेही असते. तथापि प्रत्येक पावलामागे मोठा व्यवहार चाललेला असतो. तळपायांकडून जमिनीची, कानाच्या आतील भागाकडून तोलाची आणि डोळ्यांकडून समोरच्या वाटेची खबर मेंदूला सतत जात असते. तिचा मेळ घालून पुढचे पाऊल कोठे व किती जोराने टाकायचे हे ठरते. वाढत्या वयात या खबरी क्षीण होतात आणि हळू पोहोचतात. मग जे काम आपोआप होत असे, त्यासाठी मेंदूच्या पुढच्या भागातील जाणीवपूर्वक अवधान खर्ची पडू लागते.

हे अवधान मर्यादित असते. बँकेच्या छोट्या शाखेत एकच रोखपाल असतो, तेव्हा पैसे घेण्याची आणि देण्याची रांग त्याच्यासमोरच लागते. गर्दी नसेपर्यंत काही बिघडत नाही. बाजाराच्या दिवशी मात्र एका रांगेकडे पाहताना दुसरीकडे चूक होतेच. अण्णांचे तसेच झाले. भावाचा आकडा आठवण्याचे काम आणि पायरी मोजण्याचे काम एकाच क्षणी एकाच खिडकीवर आले. आकडा बरोबर आला, पायरी चुकली.

येथे मेंदूच्या ज्या शक्ती लागतात, त्या स्मरणशक्तीहून काहीशा वेगळ्या आहेत. एका कामावरून दुसऱ्याकडे चटकन वळणे, दोन कामांत महत्त्वाचे कोणते ते ठरवणे, अनावश्यक गोष्टीकडे दुर्लक्ष करणे आणि टाकलेले पाऊल ऐनवेळी आवरणे, या त्या शक्ती होत. तज्ज्ञ त्यांना कार्यकारी क्षमता म्हणतात. स्मरण उत्तम असूनही या क्षमता मंदावलेल्या असू शकतात. ज्यांना स्मृतिभ्रंशाचा विकार जडला आहे, त्यांचे पडण्याचे प्रमाण समवयस्कांच्या मानाने सुमारे दुप्पट असते, याच्या मुळाशीही या क्षमतांचा ऱ्हास बराचसा असतो.

बसून सराव करावा की उभे राहून?

मग मेंदूला व्यायाम दिला की पडणे टळेल काय? माझाही पहिला तर्क असाच होता. परंतु अण्णा तर रोज सुडोकू सोडवत होते. या शंकेचे समाधान ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या अभ्यासाने केले.

सिडनीतील संशोधकांनी ६५ वर्षे व त्यापुढील, स्वतःच्या घरी स्वतंत्रपणे राहणाऱ्या ७६९ व्यक्तींचे तीन गट केले. पहिल्या गटाला पायांनी खेळण्याचे संगणकीय खेळ दिले. पडद्यावर खूण दिसली की जमिनीवरील पटाच्या योग्य घरात चटकन पाऊल टाकायचे, चुकीची खूण असल्यास पाऊल रोखायचे, असे ते खेळ होते. दुसऱ्या गटाला तसेच खेळ खुर्चीवर बसून हातांनी खेळण्यास सांगितले. तिसऱ्या गटाला केवळ माहितीपत्रक मिळाले. सरावाचे उद्दिष्ट आठवड्याला १२० मिनिटांचे होते आणि वर्षभर पडण्याची नोंद ठेवली गेली. २०२४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उभे राहून पावले टाकणाऱ्या गटात पडण्याचे प्रमाण तिसऱ्या गटापेक्षा २६ टक्क्यांनी कमी झाले. बसून खेळणाऱ्यांच्या गटात मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल अशी घट आढळली नाही.

या निष्कर्षाचा अर्थ आपल्या घरांसाठी फार मोलाचा आहे. शब्दकोडी, सुडोकू, पत्ते यांतून मनाला आनंद मिळतो. ते जरूर करावे. पण पडणे टाळायचे असेल, तर डोके आणि पाय यांना एकाच वेळी कामाला लावले पाहिजे. ज्या जोडीने काम करायचे, त्या जोडीनेच सराव करायचा.

इतर देशांतील अनुभवही याच दिशेने जातो. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे ६५ वर्षांवरील १३४ जणांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पियानोच्या बदलत्या लयीनुसार चालणे, वळणे आणि हातांच्या निरनिराळ्या हालचाली करणे, असा आठवड्यातून एकदा एक तासाचा वर्ग सहा महिने चालला. जाक-दालक्रोझ या स्विस संगीतकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी संगीत शिकवण्यासाठी ही पद्धत रूढ केली होती. वर्गातील मंडळींचे पडण्याचे प्रमाण वर्ग न केलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी राहिले. २०१६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात बेल्जियम, इस्राएल, इटली, नेदरलँड्स आणि ब्रिटन येथील, पूर्वी वारंवार पडलेल्या ३०२ व्यक्ती होत्या. त्यांतील बरेच जण पार्किन्सनचे रुग्ण होते. निम्म्यांना सहा आठवडे केवळ ट्रेडमिलवर चालवले. उरलेल्यांना चालताना समोरच्या पडद्यावर अडथळे व वाटा दाखवून ते ओलांडण्यास लावले. पुढील सहा महिन्यांत दुसऱ्या गटाचे पडण्याचे सरासरी प्रमाण ११.९ वरून ६ वर आले. नुसते चालणाऱ्यांत ते १०.७ वरून ८.३ पर्यंतच उतरले. पाय दोन्ही गटांनी सारखेच चालवले होते. फरक होता तो डोक्याला दिलेल्या कामाचा.

आपल्या घरांतील एक प्रेमळ चूक

व्यापारी घराण्यांत वडीलधाऱ्यांचा मान म्हणजे त्यांना बसवणे. “तुम्ही गादीवर बसा, आम्ही बघतो,” असे मुलगा म्हणतो. “आई, तुम्ही उठू नका,” असे सून म्हणते. दोघांच्या मनात माया असते. पूर्वी अण्णा गोदामात पोत्यांच्या थप्प्यांमधून चालत, गुमास्त्याशी बोलत, हळकुंड मोडून पाहत, हमालाला वाट देत आणि तोंडाने आकडा सांगत. दिवसभर त्यांचा हाच सराव चालला होता. गेल्या दहा वर्षांत आम्ही त्यांना गादीवर बसवले, हाती मोबाइल दिला आणि गोदामाची फेरी बंद केली. घरातील माता-भगिनींचेही असेच होते. एका हातात पातेले, लक्ष दुधाकडे, कान दारावरच्या घंटेकडे आणि पाय चालूच, अशी ज्यांची चाळीस वर्षे गेली, त्यांना आपण एकाएकी निवृत्त करतो. विश्रांती द्यावी, परंतु चालण्या-बोलण्याचा व्यवहार बंद करू नये, असे मला आता वाटते.

घरच्या घरी काय करावे?

प्रथम परिस्थिती जाणून घ्यावी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत तीन प्रश्न सुचवले आहेत. गेल्या वर्षभरात पडलात काय? उभे राहताना किंवा चालताना अस्थिर वाटते काय? पडण्याची धास्ती वाटते काय? एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर डॉक्टरांना दाखवावे. एक सोपी चाचणीही आहे. हात असलेल्या खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. नेहमीच्या गतीने यास १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर जोखीम आहे असे समजतात. चाचणीच्या वेळी शेजारी एक माणूस उभा असावा.

त्यानंतर सराव. ज्यांचा तोल आधीच बिघडलेला आहे, ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच आरंभ करावा. इतरांनीही भिंत, कठडा किंवा स्वयंपाकघराचा ओटा हाताशी ठेवावा. जमीन कोरडी आणि उजेड भरपूर असावा.

अण्णांसाठी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने जो क्रम घालून दिला, तो असा. पहिले काही दिवस न बोलता संथ चालणे. ते स्थिर झाल्यावर चालता चालता सोप्या प्रश्नांची उत्तरे. मग उलटी मोजणी, शंभरातून तीन-तीन वजा करत. एक सोडून एक मराठी महिने, म्हणजे चैत्र, ज्येष्ठ, श्रावण असे. या सर्वांत अण्णांना गोडी वाटली ती पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीची. आमच्या पिढीने शाळेत हे अपूर्णांकांचे पाढे घोकले आणि पेढीवर आयुष्यभर वापरले. सातची दीडपट, नऊची अडीचपट अशी विचारणा होते आणि अण्णा पाऊल न थांबवता उत्तर देतात. उत्तर चुकले तरी हरकत नाही. चाल बिघडू द्यायची नाही, हा नियम.

दुसरा प्रकार पावलांचा. फरशीवर खडूने चार चौकोन आखून त्यांत आकडे लिहायचे. नात आकडा पुकारते, अण्णा त्या चौकोनात पाऊल टाकून परत येतात. काही दिवसांनी तिने त्यात भर घातली. आकड्यापूर्वी “आजोबा” म्हटले तरच पाऊल टाकायचे. नुसता आकडा आला, तर जागीच थांबायचे. दिसायला पोरखेळ, पण पाऊल आवरण्याची जी शक्ती पायरीवर कामी येते, तिचाच हा अभ्यास आहे. तिसरा प्रकार म्हणजे अर्धा भरलेला पाण्याचा पेला हाती घेऊन अंगणात फेरी मारणे.

आठवड्याचे १२० मिनिटांचे उद्दिष्ट सहा दिवसांत विभागले, तर रोजची वीस मिनिटे होतात. आवर्ती ठेवीप्रमाणे लहान हप्ता, पण खंड नको.

पायरीवर मात्र एकच काम

येथे एक भेद काटेकोरपणे पाळावा. सराव सुरक्षित जागी करावा. जिना, मंदिराची ओली संगमरवरी फरशी, रहदारीचा रस्ता आणि स्नानगृह या ठिकाणी सराव करू नये. तेथे एकाच कामाकडे लक्ष द्यावे. फोन वाजला, तर वाजू द्यावा. कोणी हाक मारली, तर दोन्ही पाय सपाट जमिनीवर आल्यावर उत्तर द्यावे. आणि तरुणांनी पायरी उतरणाऱ्या वृद्धास मागून प्रश्न विचारू नये. आपल्या मुनिमहाराजांना ईर्यासमितीचे पालन करताना आपण पाहतो. चार हात भूमी निरखत, मन अन्यत्र न जाऊ देता ते चालतात. त्यामागील हेतू जीवरक्षणाचा आहे. त्या जीवांत आपलाही एक जीव आहे, हे उतारवयात ध्यानी ठेवले तर काय वावगे?

या सरावाने बाकीची पथ्ये माफ होत नाहीत. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोल जाऊ शकतो. त्यांचा डॉक्टरांकडून आढावा घ्यावा. उपवास किंवा चौविहार करणाऱ्या वृद्धांनी, विशेषतः मधुमेहाची औषधे चालू असल्यास, गोळ्यांच्या वेळा आधीच विचारून घ्याव्यात. शाकाहारी मंडळींत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळदा आढळते आणि तिने तळपायांची जाणीव बोथट होते. त्याची तपासणी करावी. चष्मा, चपला, रात्रीचा दिवा व न्हाणीघरातील कठडा ही कलमेही त्याच यादीत येतात.

आता अश्विन आहे. अण्णा काठी घेऊन चालतात. आरंभी त्यांना हा सराव अपमानास्पद वाटला. “आता मला चालायला शिकवणार काय रे?” असे ते माझ्यावर कडाडले होते. नातीपुढे मात्र त्यांचे काही चालले नाही. परवा संध्याकाळी आम्ही दोघे अंगणात फेऱ्या मारत होतो. मी मुद्दाम विचारले, “अण्णा, यंदा हळदीचे पीक कसे आहे म्हणता?” पावसापासून लागवडीपर्यंत सारे त्यांनी सांगितले आणि तुळशीवृंदावनापर्यंत न थांबता चालत गेले. तेथे वळताना मात्र थांबले, वळले आणि मग बोलू लागले. वळण अजून सुटलेले नाही. उद्यापासून वळण्याचा सराव घ्यायचा, असे नातीने वहीत लिहून ठेवले आहे.

वाचकांना एकच विनंती. आज संध्याकाळी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांसोबत सपाट वाटेवर चार पावले चालावे. चालता चालता काही सहज विचारावे आणि त्यांची पावले काय करतात ते पाहावे. ती थांबली, तर घाबरून न जाता त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट ठरवावी. आम्ही ती ठरवली, पण पडल्यानंतर.